न वाजलेल्या सायरनचा ऑल क्लिअर

"मॅडम, सायरन वाजवा! गॅस सुटला आहे!"

दुपारचे दोन वाजून अडतीस मिनिटं झाली होती. वेळ अजून पाठ आहे, कारण आमच्या कंट्रोल रूममध्ये आलेल्या प्रत्येक फोनची वेळ लॉगबुकात लिहावी लागते आणि ही मी स्वतःच्या हाताने लिहिली होती. अक्षर वाकडं आलं होतं.

फोन मुकुंद बोरकरचा होता. आमच्या कारखान्यातल्या वाइंडिंग शॉपमधला, म्हणजे कॉइल गुंडाळायच्या विभागातला टेक्निशियन. एरवी त्याच्या तोंडून चार शब्द काढायला दोन कप चहा लागायचा. आज तो किंचाळत होता. मागे दारं बडवल्याचे आणि बायकांनी पोरांना हाका मारल्याचे आवाज येत होते.

"कुठे सुटला? नीट सांग."

"गोविंदपुऱ्यात. टीव्हीवर दाखवून राहिले, मॅडम. लाइव्ह! आमची क्वार्टरांची पूर्ण लाइन बाहेर निघाली. तुम्ही सायरन का नाही वाजवून राहिले?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. एवढंच आठवतं की माझी नजर सायरनच्या लाल बटणावर गेली.

आधी माझं काम सांगते. भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या कम्युनिकेशन सेक्शनची मी इनचार्ज होते; आडनाव काळे, इथल्या हिंदीत 'काले मैडम'. टेलिफोन एक्स्चेंज, कारखान्याचा सायरन आणि टाउनशिपचं केबल टीव्ही, अशी तिन्ही खाती एका इंजिनिअरच्या गळ्यात बांधलेली होती. शिफ्ट बदलली की वाजतो तो साधा भोंगा. तो छोटा, सरळ. धोक्याचा सायरन वर-खाली होत रडतो. धोका टळला की दोन मिनिटं एकसारखा, न थरथरता वाजतो, त्याला ऑल क्लिअर म्हणतात. दर महिन्याला मॉक ड्रिल व्हायची, त्यामुळे टाउनशिपमधल्या चार वर्षांच्या पोरालासुद्धा हे तिन्ही आवाज ओळखता यायचे.

गॅसबद्दल मला माहिती नव्हती असं नाही. साडेबारालाच फायर सेक्शनचा फोन आला होता. शेजारच्या गोविंदपुऱ्यातल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनियाचा व्हॉल्व्ह गळतोय, प्रकार छोटा आहे, आमची गाडी मदतीला गेली आहे, सायरनची गरज नाही. एकच्या सुमारास दुसरा फोन: व्हॉल्व्ह बंद केला, गाडी परत. मी दोन्ही नोंदी केल्या आणि डबा उघडून जेवले.

आणि आता अडीच वाजून गेल्यावर हे.

मुकुंदचा फोन ठेवते तोच दुसरा. मग तिसरा. "मैडम, गैस निकली है, टीवी पर आ रहा है." "काले मैडम, बच्चों को लेकर किधर जाएँ?" एक बाई नुसतीच रडत होती. मग सेफ्टीचे प्रमुख सक्सेना साहेब लाइनवर आले.

"ये क्या हो रहा है? लोग सड़क पर आ गए हैं. बजा दीजिए सायरन."

"सर, साढ़े बारह वाली बात तो एक बजे खतम हो गई थी. मैं दोबारा कन्फर्म कर लूँ. दो मिनट दीजिए."

"दो मिनट में क्या होता है, ये आप भोपाल में रहकर मुझसे पूछ रही हैं?"

चौऱ्याऐंशीनंतर या शहरात गॅस हा शब्द सिलिंडर सोडून दुसऱ्या अर्थाने कुणी उगाच उच्चारत नाही. बटण दाबावं तर तिन्ही गेटांवर हजारो माणसं एकदम धडकणार, आणि त्यात कोण पायाखाली येईल सांगता येत नाही. न दाबावं आणि गळती खरी असली, तर पुढे आयुष्यभर मी कुणाला तोंड दाखवणार?

फायर सेक्शनला फोन लावला. ड्यूटीवरचा माणूस म्हणाला, "हमें तो कोई खबर नहीं. गाड़ी यहीं खड़ी है." मी पुन्हा नोंदवलेले नंबर बघितले. आलेले सगळे फोन एकाच लाइनीतल्या क्वार्टरांतून होते. मुकुंदच्या लाइनीतून. बाकी एवढी मोठी टाउनशिप, तिथून एकही नाही.

मी मुकुंदला परत फोन लावला. "कोणती वाहिनी?"

त्याने नाव सांगितलं. आमच्या रॅकमध्ये प्रत्येक वाहिनीचा छोटा मॉनिटर असतो, केबलवर चित्र नीट जातंय का ते बघायला. मी त्या वाहिनीच्या मॉनिटरकडे बघितलं. तिथे एक गृहस्थ कढईत कचोऱ्या सोडत होते.

"मुकुंद, तुझ्या टीव्हीवर आत्ता काय दिसतंय?"

"धूर. फायरची गाडी. खाली पट्टी आहे, गैस का रिसाव. वर लाइव्ह लिहिलं आहे, मॅडम, लाइव्ह!"

एकच वाहिनी. त्याच्याकडे धूर, माझ्याकडे कचोऱ्या. क्षणभर मला माझ्याच डोळ्यांवर विश्वास बसेना. मग समजलं. त्याच्या टीव्हीला जोडलेला रेकॉर्डिंगचा बॉक्स मीच निवडून दिला होता.

त्याची गोष्ट महिनाभरापूर्वीची. मुकुंद माझ्याकडे आला होता तो अगदी साध्या कामासाठी. आठवडाआड सी शिफ्ट, म्हणजे रात्री अकरा ते सकाळी सात. दिवसभर झोप. क्रिकेट बुडतं. आईच्या बातम्या आणि मालिका बुडतात, कारण तो झोपला की घरात आवाज करायचा नाही. सी शिफ्टवाल्याच्या घराची बेल दुपारी कुणी वाजवत नाही, हा आमच्या टाउनशिपचा न लिहिलेला कायदा. भाजीवालासुद्धा त्या दारासमोरून मुकाट्याने जातो.

"मॅडम, टीव्ही रेकॉर्ड करायला काय घेऊ?"

असा प्रश्न मला कुणी विचारला की मी खूश. टीव्ही घेताना माणसं शोरूममधल्या पोपटपंचीवर विश्वास ठेवतात आणि बिघडला की माझ्याकडे येतात. हा आधी आला होता. मी त्याला कागदावर तीन पर्याय मांडून दिले. पहिला, घरात पडलेला जुना व्हीसीआर. तीन तासांची कॅसेट, टायमर लावायला तपश्चर्या लागते आणि लाइट गेली की घड्याळ शून्यावर. दुसरा, कॉम्प्युटरमध्ये टीव्ही ट्यूनर कार्ड. रेकॉर्डिंग छान होतं, कॉपीही करता येते, पण त्यासाठी कॉम्प्युटर सुरू ठेवावा लागतो, आणि त्यांच्या घरी तो चालवणार कोण? आईला माउस धरता येत नव्हता. तिसरा, आत हार्ड डिस्क असलेला सेट-टॉप बॉक्स. रिमोटवर एक लाल बटण दाबलं की रेकॉर्डिंग. शिवाय टाइम शिफ्ट.

टाइम शिफ्ट म्हणजे काय ते सोपं आहे. चालू असलेला कार्यक्रम बॉक्स गुपचूप डिस्कवर लिहीत राहतो. तुम्ही पॉज दाबून स्वयंपाकघरात गेलात तरी त्याचं लिहिणं सुरूच. परत येऊन प्ले दाबलं की जिथे सोडलं होतं तिथून पुढे. तुमच्यासाठी कार्यक्रम थांबलेला असतो, जगासाठी नाही.

मी तिसरा निवडला. स्वतः घरी जाऊन जोडून दिला. मुकुंदच्या आई, मालतीआजी, कान देऊन ऐकत होत्या. नागपूरहून लग्न होऊन आलेल्या. राजधानी नागपूरहून हलली तेव्हा त्यांचे सासरे सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, तेव्हापासून घर इथलंच. वय साठीच्या पुढे, एका डोळ्यात मोतीबिंदू, मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झालेली. त्यांच्यासाठी मी वायरलेस हेडफोनही लावून दिला. मुकुंद झोपला तरी त्यांनी खुशाल बातम्या ऐकाव्यात.

"म्हणजे बातम्या माझ्यासाठी थांबून राहतील?" आजींनी विचारलं.

"हो, आजी. तुम्ही येईपर्यंत."

"बरं आहे बाई. आजवर माझ्यासाठी कोणी थांबलं नाही."

आम्ही सगळे हसलो. मग मुकुंद म्हणाला, पॉजनंतर खाली एक जाड पट्टी येते, 'लाइव्हपेक्षा इतकी मिनिटं मागे' असं लिहिलेली, तिच्यामागे क्रिकेटचा स्कोअर लपतो. ती काढता येईल का? मी सेटिंगमध्ये गेले आणि पट्टी बंद केली. दहा सेकंदांचं काम. वर थोडा रुबाबही दाखवला की बघ, मॅन्युअलात हे पान कुणी वाचत नाही.

आता कंट्रोल रूममध्ये बसून मला ते दहा सेकंद स्वच्छ दिसत होते. आजी बाराला बातम्या लावून बसल्या असणार. सून नोकरीवर, त्यामुळे सव्वाबाराला मुकुंदच्या मुलीला, ओवीला, घ्यायला स्कूलबसच्या स्टॉपवर जायचं म्हणून पॉज दाबला असणार. ओवीला भरवून, निजवून, दोन वाजून गेल्यावर प्ले. आणि दोन तासांपूर्वीचा गॅस त्यांच्या डोळ्यांसमोर नव्याने सुटला. मागे किती आहोत ते सांगणारी पट्टी मी काढून टाकली होती. बाहेरचा शांतपणा ऐकू येऊ नये म्हणून हेडफोनही मीच दिला होता. कोपऱ्यात वाहिनीचं बारीक घड्याळ होतं, पण ते मोतीबिंदूच्या डोळ्यांना काय दिसणार.

"मुकुंद, रिमोट घे. लाइव्हचं बटण दाब."

त्याने टीव्हीचा आवाज वाढवला आणि बटण दाबलं. मग मला फोनमधून कढईचा चुर्र आवाज ऐकू आला.

"अरे देवा," तो म्हणाला. रात्रभर काम करून झोपलेला माणूस, आईने गदागदा हलवून उठवलं, डोळे उघडले तो समोर धूर आणि लाइव्ह. बॉक्स कसा चालतो हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तरी दारोदार जाऊन ओरडला तो तोच, आणि टेक्निशियन सांगतोय म्हणून लाइनीने विश्वास ठेवला.

मी सक्सेना साहेबांना दोन वाक्यांत सांगितलं. ते म्हणाले, "मतलब, कुछ हुआ ही नहीं?"

"सर, दो घंटे पहले हुआ था."

सिक्युरिटीची जीप लाउडस्पीकर लावून त्या लाइनीकडे पाठवली. मुकुंदनेही धावत जाऊन लोकांना परत फिरवलं. शिव्या खाल्ल्या, पण लोक परत फिरले. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मी पुन्हा दचकले. तीन वाजायला सात मिनिटं. शिफ्टचा भोंगा टायमरवर आपोआप वाजतो. घाबरलेल्या माणसांच्या कानावर आत्ता कुठलाही भोंगा पडला, तर ती पुन्हा पळत सुटणार. नोकरीत पहिल्यांदाच मी तीनच्या भोंग्याचा टायमर बंद केला.

तेवढ्यात मुकुंदचा फोन. या वेळी ओरडत नव्हता. ते जास्त वाईट होतं.

"मॅडम, आई नाही. ओवीपण नाही. मला वाटलं शेजाऱ्यांबरोबर असतील. कोणीच पाहिलं नाही त्यांना."

आजी मुलाला उठवून थांबल्या नव्हत्या. ओवीला झोपेतून उचललं होतं आणि मागच्या दाराने निघाल्या होत्या. बाथरूमचा नळ वाहत होता. त्यांनी पदर भिजवून घेतला होता.

चुकीचा बॉक्स, चुकीची सेटिंग, हे सगळं निस्तरता येतं. पण अँजिओप्लास्टी झालेली बाई चार वर्षांचं मूल कडेवर घेऊन दुपारच्या उन्हात धावतेय, आणि ज्यापासून धावतेय ते कुठे नाहीच.

जीप चारी बाजूंना फिरली. तीन वाजून दहा मिनिटांनी ड्रायव्हरचा वायरलेस आला. आजी सापडल्या होत्या. अयोध्या नगरच्या अलीकडे एका पुलियावर, नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर, टेकल्या होत्या. ओवीच्या तोंडावर ओला पदर.

"मैडम, अम्मा मान ही नहीं रहीं. मैंने कहा सब ठीक है, घर चलो. कहती हैं, जीप वालों की बात पर भरोसा नहीं. साँस फूल रही है, और उठकर फिर चल देती हैं. आगे बाइपास है, ट्रक चल रहे हैं."

"फोन दो उनको. मुकुंद से बात कराओ."

"कराई, मैडम. कहती हैं, बेटा तो नींद में है, उसको क्या पता. कहती हैं, ऑल किलियर बजेगा तब लौटूँगी."

मी सक्सेना साहेबांना फोन लावला. ते नियमावर आले.

"जब अलार्म बजा ही नहीं, तो ऑल क्लियर किस बात का? लॉग में क्या लिखोगी?"

"जो हुआ वही, सर."

"ऊपर से चिट्ठी आएगी. नाम आपका होगा."

"नाम मेरा ही होना चाहिए, सर."

त्यांनी फोन ठेवला, हो की नाही ते न सांगता. मी वेळ लिहिली, सही केली आणि बटण दाबलं. दोन मिनिटं सायरन एकसारखा वाजत राहिला. कारखान्यातली माणसं शॉपच्या दारांत येऊन आभाळाकडे बघू लागली, की आज ड्रिल आहे की काय. मी वायरलेस कानाला लावून बसले होते. शेवटी ड्रायव्हरचा आवाज आला.

"बैठ गईं, मैडम. जीप में बैठ गईं."

मी टेबलावर डोकं टेकलं आणि रडले. शेजारी ऑपरेटर होता, त्याने बिचाऱ्याने पाण्याचा ग्लास सरकवला.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. डॉक्टर तपासून गेले होते, बीपी वाढलं होतं, बाकी ठीक. ओवी बिस्कीट खात होती. मुकुंद मान खाली घालून बसला होता. मी आजींच्या पायाशी बसले आणि सरळ माफी मागितली. पट्टी मी काढली, असं सांगितलं.

त्यांना पट्टीशी काही देणंघेणं नव्हतं. त्या उलट मलाच समजावत होत्या, की अमोनिया असो काही असो, हवेच्या उलट दिशेने चालायचं असतं. नीमाची पानं कुठे हलून राहिली ते पाहून त्या निघाल्या होत्या.

"पण आजी," मी विचारलं, "सायरन तर वाजलाच नव्हता. मग कशाला पळालात?"

"त्या रात्री तरी कोठे वाजला होता वेळेवर?"

मला पुढे विचारायची हिंमत नव्हती. तरी विचारलं. "मग ऑल क्लिअरसाठी का अडून बसलात?"

आजींनी ओवीच्या तोंडाला लागलेला चुरा पुसला. "त्या रात्री आम्ही जुन्या शहरात राहत होतो. हा मुकुंद कडेवर होता, दोन वर्षांचा. लोकं पळून राहिले होते, आम्हीपण पळालो. पण कुठवर पळायचं ते कोणी सांगितलंच नाही, बाई. संपलं म्हणून सांगायला कोणी आलंच नाही. हे म्हणायचे, बस झालं, बसू. मी म्हणायची, नाही, अजून चला. उजाडलं तरी मी चालतच होते." मग म्हणाल्या, "आज कोणीतरी सांगितलं. म्हणून परत आले."

मी घरी येईपर्यंत हे वाक्य डोक्यातून गेलं नाही. अजून गेलेलं नाही.

चिट्ठी आली. अलार्म नसताना ऑल क्लिअर का वाजवला, याचा खुलासा द्यावा. मी दीड पानी खुलासा दिला, त्यात सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगचाही उल्लेख केला. वरच्या साहेबांना तो परिच्छेद कळला नसावा, कारण त्यावर नुसतं 'पाहिले' असा शेरा आला. सक्सेना साहेबांनी मात्र पुढच्या सेफ्टी मीटिंगमध्ये कुणाचं नाव न घेता सांगितलं, की फोनवर लाइव्ह हा शब्द ऐकला की पहिल्यांदा वेळ विचारायची.

बोरकरांचा बॉक्स मी बदलला नाही. बॉक्स चांगलाच होता. पट्टी परत सुरू केली. स्कोअर झाकला जातो म्हणून मुकुंदने पुन्हा कधी तक्रार केली नाही. आजींनी हेडफोन मात्र डबीसकट माझ्या हातात ठेवला. आता त्या बातम्या मोठ्याने लावतात आणि खिडकी उघडी ठेवतात. सी शिफ्टचा आठवडा असला तरी.

निवृत्त झाल्यावरही लोक विचारायला येतात, टीव्ही रेकॉर्ड करायला काय घ्यावं. पूर्वी मी डिस्क किती मोठी हवी, ते विचारायचे. आता विचारते, दुपारी घरी एकटं कोण असतं?

लोकांना वाटतं, बाई गप्पा मारतेय.